समुद्रतळाचा सोयरा

थळ घाटात, म्हणजे आपल्या कसारा घाटात, काळ्या कातळाचा एक थर असा आहे की त्यातले खनिज ओळखायला भिंग लागत नाही. फिक्या, हिरवट-पांढऱ्या रंगाचे चपटे स्फटिक दगडात आडवेतिडवे रुतलेले दिसतात, कित्येक दोन-तीन सेंटिमीटर लांब. हे प्लॅजिओक्लेज. कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांनी बनलेले हे खनिज सह्याद्रीच्या दगडात सगळीकडे आहे, पण एरवी ते इतके बारीक असते की डोळ्याला नुसता काळा रंग दिसतो. इथे मात्र लाव्हा वर येण्याआधी जमिनीच्या पोटात साठून राहिला, हळूहळू निवत गेला आणि स्फटिकांना वाढायला सवड मिळाली. पुण्यातल्या करमरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१मध्ये दख्खनच्या अशा मोठ्या स्फटिकांच्या बेसाल्टवर शोधनिबंध लिहिला होता. पुढे सह्याद्रीचे थर एकावर एक कसे रचले आहेत हे ठरवताना असेच थर खुणेचे ठरले आणि त्यांतल्या एकाला थळ घाटाचे नाव मिळाले.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे पाचशे किलोमीटरवर, साडेतीन किलोमीटर पाण्याखाली, दुसरा एक काळा दगड आहे. २०१५च्या एप्रिल-मेमध्ये 'जॉइडेस रिझोल्यूशन' या जहाजाने अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात समुद्रतळाला छिद्र पाडले. गोव्यातल्या केंद्र सरकारच्या महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि ब्रिटिश भूशास्त्रज्ञ पीटर क्लिफ्ट हे मोहिमेचे प्रमुख होते. जवळजवळ अकराशे मीटर गाळ पार केल्यावर बेसाल्ट लागला आणि त्याचा काही मीटर लांबीचा गाभा वर आला. त्यात पुन्हा प्लॅजिओक्लेज, पुन्हा पायरोक्सिन, पुन्हा लोह आणि टायटॅनियमची काळी खनिजे. हा दगड दख्खनच्या लाव्हाचाच भाग नाही, त्याची रासायनिक ठेवण वेगळी आहे आणि त्या खोऱ्याखाली नेमके काय आहे यावर भूशास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पण खनिजांची मूळ यादी कसाऱ्याच्या दगडाशी जुळते.

कसारा ज्यात येतो तो शहापूर तालुका आणि शेजारचा मुरबाड यांच्याबद्दल बोलताना आपण पाऊस, धरण, टँकर, बोअर, महामार्ग या सगळ्यांविषयी बोलतो. दगडाविषयी बोलत नाही. तो पायाखाली आहे, काळा आहे, कठीण आहे, एवढे पुरेसे समजतो. मला ते पुरेसे वाटत नाही. या दोन तालुक्यांत पाणी का टिकत नाही आणि कुठे टिकू शकते, याचे पहिले उत्तर दगडाच्या खनिजांत आणि त्या खनिजांचे पुढे काय झाले यात आहे. ते उत्तर आज देता येते याचे बरेचसे श्रेय समुद्रतळाचे दगड अभ्यासणाऱ्यांकडे जाते. जे ज्ञान जहाजावर आणि प्रयोगशाळेत तयार झाले ते ग्रामसभेत पोचले नाही, आणि त्याची किंमत उन्हाळ्यात हंडा घेऊन चालणाऱ्या बायका मोजतात.

आधी दगडाची घडण. पृथ्वीच्या प्रावरणातला खडक थोडासा वितळला की त्यातून बेसाल्टचा द्रव सुटतो आणि अकराशे-बाराशे अंश सेल्सिअस तापमानाला वर येतो. निवताना त्यातून मुख्यतः दोन खनिजे वेगळी होतात, प्लॅजिओक्लेज आणि पायरोक्सिन. आपल्याकडचे पायरोक्सिन बहुतेक ऑजाइट असते. दगडाचा मोठा भाग या दोघांचाच. उरलेल्यात मॅग्नेटाइट, इल्मेनाइट, कधी ऑलिव्हिन, आणि स्फटिक व्हायला वेळच न मिळालेली काच. समुद्रतळावरही घटक हेच आहेत. मध्यसागरी कटकावर, म्हणजे समुद्रतळावरच्या लांब डोंगररांगेवर, लाव्हा थेट थंड पाण्यात निघतो, त्याची बाहेरची साल तत्काळ काच होते आणि आतला द्रव गोल गोळ्यांच्या रूपात साचत जातो. भूशास्त्रात त्याला उशी-लाव्हा म्हणतात. दख्खनमध्ये असा लाव्हा विरळा, तरी मुंबईच्या परिसरात तो सापडला आहे, आणि तिथे पाण्याशी झालेल्या क्रियेने कॅल्शियमच्या प्लॅजिओक्लेजची जागा सोडियमच्या अल्बाइटने घेतल्याचेही दिसते. म्हणजे समुद्रतळावर जे घडते त्याचा लहानसा नमुना लोकल गाडीच्या टप्प्यात आहे.

पृथ्वीच्या सागरी कवचाचा बहुतेक सगळा भाग अशा बेसाल्टचा आणि त्याच द्रवातून खोलवर गोठलेल्या गॅब्रोचा आहे, सरासरी सात किलोमीटर जाड. महासागरांतले कवच सतत नवे होते आणि जुने पुन्हा खाली जाते, म्हणून आजच्या महासागरांत अठरा-वीस कोटी वर्षांहून जुना तळ जवळपास मिळत नाही. त्या मानाने शहापूर-मुरबाडचा कातळ वयाने मधला, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा. तो समुद्रात तयार झाला नाही. तो जमिनीवर पसरला, ग्रॅनाइटच्या जाड कवचातून वाट काढत आला, आणि वाटेत त्या कवचाचा थोडाफार अंश त्याने स्वतःत घेतला. कटकावरच्या साध्या बेसाल्टमध्ये टायटॅनियम ऑक्साइड साधारण दीड टक्का असते, दख्खनमध्ये बहुधा दोन ते तीन. पोटॅश तर कटकाच्या दगडात इतका कमी की दशांश चिन्हानंतरच त्याची गोष्ट सुरू होते, दख्खनमध्ये तो दुपटी-तिपटीने अधिक. हे लहान आकडे फार बोलके आहेत. महाबळेश्वरजवळच्या आंबेनळी घाटाचे नाव असलेले थर या कवचाच्या भेसळीपासून सर्वांत मोकळे, म्हणून त्यांची ठेवण हिंद महासागराच्या कटकावरच्या दगडांच्या जवळ जाते. सह्याद्रीतल्या कोणत्या दगडात किती भेसळ आहे हे ठरवायला मापदंड मिळाला तो समुद्रतळातून.

आणि हे डोळ्यांनी ठरत नाही. माहुलीच्या पायथ्याचा दगड आणि सिद्धगडाच्या माथ्याचा दगड हातात घेतला तर दोन्ही काळे, दोन्ही जड. १९८०च्या दशकात आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांच्याबरोबर काम करणारे परदेशी भूशास्त्रज्ञ यांनी घाटाघाटातून नमुने गोळा केले आणि त्यांतल्या सूक्ष्म मूलद्रव्यांवरून थरांची मांडणी केली. त्या मांडणीतली खालची नावे वाचा: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर. त्यावर खंडाळा. आपले दोन तालुके या नावांच्या मधोमध येतात. सह्याद्रीच्या लाव्हाचा सर्वांत जुना भाग जिथे उघडा आहे, त्या पट्ट्यात आपण राहतो.

खनिज किती थोडे असून किती मोठे काम करते, याचा एक दाखला मला नेहमी थांबवतो. दगडात मॅग्नेटाइटसारखी खनिजे अवघी काही टक्के. पण लाव्हा निवताना ती त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडून ठेवतात. १९५६मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडांतली ही दिशा मोजून दाखवली आणि भारत पूर्वी विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता असा निष्कर्ष त्यातून निघाला. तेव्हा भूखंड सरकतात हे मानायला जगातले बहुतेक भूशास्त्रज्ञ तयार नव्हते. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी पुराचुंबकत्वाचे काम चालवले. १९६३मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी अरबी समुद्रातल्या कार्ल्सबर्ग कटकावरची चुंबकीय मोजणी घेऊन समुद्रतळ कटकापाशी तयार होतो आणि दोन्ही बाजूंना पसरतो, हे मांडले. भारत आफ्रिकेपासून दूर सरकतो आहे तो याच कटकापाशी. सह्याद्रीचा लाव्हा आणि कार्ल्सबर्गचा लाव्हा, दोघांतल्या त्याच काळ्या कणांनी भूखंडांच्या हालचालीची साक्ष दिली. शाळेतल्या भूगोलात हा धडा आहे, पण त्यात आपल्या गावच्या डोंगराचे नाव नाही. शहापूरच्या शाळेतल्या मुलाने साधे होकायंत्र कातळाच्या जवळ नेऊन पाहावे, काही ठिकाणी सुई विचलित होते. धडा तिथून सुरू करता येईल.

आता पाण्याकडे. या तालुक्यांत पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, घाटमाथ्याकडे त्याहून अधिक. तरी मार्चपासून पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. हे कोडे फक्त प्रशासनाच्या दिरंगाईने सुटत नाही. प्लॅजिओक्लेजच्या चपट्या स्फटिकांची जाळी आणि त्यांच्या मधल्या जागेत वाढलेले ऑजाइटचे कण, अशी या दगडाची वीण आहे. वाळूत कणाकणांमध्ये जागा राहते, इथे राहत नाही. खनिजे एकमेकांच्या अंगात रुतूनच वाढलेली असतात. वाहत्या लाव्हाच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात, तिथे दगडाला अनारशासारखी जाळी पडते खरी, पण ती उघडी राहत नाही. गरम पाणी त्या पोकळ्यांतून फिरते, काच आणि प्लॅजिओक्लेज विरघळवते, आणि जाता जाता स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट अशी झिओलाइट खनिजे, कॅल्साइट, गारगोटी मागे ठेवते. संग्रहालयात काचेमागे ठेवलेले जे सुंदर स्फटिक आपण कौतुकाने पाहतो, त्यांनी आपल्या विहिरींची जागा अडवलेली आहे. विहिरी खणणारे या ठिपक्या-ठिपक्यांच्या दगडाला मांजऱ्या म्हणतात आणि काळ्या पाषाणापेक्षा त्यावर अधिक भरवसा ठेवतात. ते बरोबर आहे, कारण झिओलाइट मऊ, लवकर झिजणारे, आणि मांजऱ्या हवापाण्याने कुजला की त्याला फटी पडतात. पाणी त्या फटींत असते.

पुण्याचे निनाद बोंद्रे, रेमंड दुराईस्वामी आणि गौरी डोळे यांनी दख्खनच्या या भागातल्या लाव्हाचे प्रवाह कसे पसरले यावर बारकाईने लिहिले आहे. खालच्या थरांत एकच अखंड जाड चादर नाही. लहान-मोठे असंख्य पदर एकमेकांच्या अंगावर चढलेले, आणि प्रत्येकाची वरची साल सच्छिद्र, गाभा घट्ट. म्हणून एका विहिरीला पाणी आणि पन्नास पावलांवरची दुसरी कोरडी, हे इथे नवल नाही. गाव त्याला नशीब म्हणते, पायाळू माणसाला बोलावून नारळ फिरवते. नारळ फिरवणाऱ्याला दोष द्यायची माझी इच्छा नाही. ज्या गावाला कुणी दगड वाचून दाखवला नाही, त्याने दुसरे काय करायचे?

भूजल अंदाज समितीने १९९७मध्ये ठरवलेले मानदंड इथे उपयोगी पडतात. गाळाच्या वाळूत साठलेल्या पाण्यापैकी विहिरीला मिळू शकणारे पाणी आकारमानाच्या साधारण १६ टक्के धरतात. कुजलेल्या किंवा सच्छिद्र, भेगाळ बेसाल्टला २ टक्के. घट्ट, भेगा नसलेल्या खडकाला ०.३ टक्के. आता हिशेब करू. मुरूम आणि मांजऱ्या मिळून दहा मीटर जाडी धरली, तर त्यात जास्तीत जास्त २०० मिलिमीटर पाणी राहील. पाऊस अडीच हजार. म्हणजे जुलै सरेपर्यंत खडक भरतो आणि पुढचा सारा पाऊस भातसा, काळू आणि शाई नद्यांतून वाहून जातो. पाऊस कमी पडत नाही, खडकाची कोठीच लहान आहे. त्यात उतार तीव्र, म्हणून भरलेली कोठीही डिसेंबर-जानेवारीपर्यंत झऱ्यांवाटे गळते.

इथे पुष्कळ जण थांबतात आणि म्हणतात, मग या खडकातून काही निघायचे नाही, नळच आणा. मी हिशेब पुढे नेतो. हजार वस्तीचे गाव, माणशी रोज ५५ लिटर, पावसाळ्यानंतरचे २०० दिवस. लागणारे पाणी १ कोटी १० लाख लिटर, म्हणजे ११ हजार घनमीटर. दोन टक्क्यांच्या खडकात, पाच मीटर भिजलेली जाडी राहिली असे धरले, तर एवढे पाणी ११ हेक्टर जमिनीखाली मावते. घट्ट काळ्या पाषाणात तेवढ्यासाठी ७३ हेक्टर लागतील, आणि त्यातून ते विहिरीत येणारही नाही. गावाच्या शिवारात ११ हेक्टर चांगला मांजऱ्या असणे मुळीच दुर्मीळ नाही. अडचण एवढीच की ते ११ हेक्टर कोणते, हे गावाला माहीत नाही. माहीत नसल्यामुळे त्यावर काय व्हावे आणि काय होऊ नये, हेही ठरत नाही.

उदाहरण मुरुमाचे घ्या. रस्त्याचा भराव, घराचा पाया, प्लॉटिंगची सपाटी, सगळ्याला मुरूम हवा. या भागातून समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा गेला, इतर रस्ते रुंद होत आहेत, मुरबाड रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतजमिनीचे तुकडे पडत आहेत. टेकड्यांच्या कडा उघड्या पडल्या आहेत. मुरूम ब्रासवर मोजतात, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. दोन टक्क्यांनी त्यात ५६ लिटर पाणी मावते. एका माणसाचे एका दिवसाचे पाणी. पाण्याच्या पातळीत येणाऱ्या मुरुमाचा एक ब्रास उचलला की एका माणसाचा एक दिवस दरवर्षीसाठी गेला. राज्याच्या २०१३च्या गौण खनिज नियमांखाली परवानगी घेताना ब्रास मोजले जातात, रॉयल्टी भरली जाते. ब्रासमधले पाणी कुणी मोजत नाही. मुरूम काढूच नये असे मी म्हणत नाही, घरे आणि रस्ते लागतातच. पण माथ्यावरचा कोरडा मुरूम आणि झऱ्याच्या वरच्या अंगाचा मुरूम, यांची रॉयल्टी एकच असावी हे मला मान्य नाही.

धरणांचा मुद्दा यातूनच उभा राहतो. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांची एकत्रित साठवण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. त्यात एकट्या भातसाचे ७ लाख १७ हजार, जवळजवळ निम्मे. १८९२चा तानसाही शहापूरच्याच हद्दीत. धरणाच्या पायाला आणि जलाशयाच्या तळाला लागतो तो घट्ट, न गळणारा कातळ. ज्या गुणामुळे पाड्याची विहीर कोरडी पडते, त्याच गुणामुळे धरणात पाणी राहते. कातळाचा फायदा नळाने शहराकडे गेला आणि तोटा गावाच्या वाट्याला राहिला. ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. म्हणून भातसाच्या पाण्यावर शहापूरचा पहिला हक्क आहे असे मी ठामपणे मानतो, आणि भावली धरणातून शहापूरच्या गावांना पाणी देण्याची जी योजना आहे तिच्यासारख्या योजना पूर्ण व्हायलाच हव्यात. तरी नळ हे एकमेव उत्तर नव्हे. डोंगराच्या कुशीतला वीस घरांचा कातकरी किंवा ठाकूर पाडा, जिथे वीज चार दिवस जाते, तिथे पंपाचे पाणी सर्वांत आधी बंद पडते. त्याच्या जवळचा डवरा, म्हणजे पाझराचे पाणी साठणारा लहान खड्डा, जिवंत ठेवणे हे नळाला विरोध नाही.

डवरे आणि झरे कुठे असतात? बहुतेक दोन थरांच्या सांध्यावर. एक लाव्हा येऊन गेल्यावर दुसरा येईपर्यंत मधे काळ गेला, पृष्ठभाग कुजला, त्याची लाल माती झाली, आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली. डोंगराच्या उभ्या कड्यात ही तांबडी रेघ दूरवर दिसते, माळशेजच्या रस्त्यावरून जाताना तर ठळक. खनिजांच्या भाषेत सांगायचे तर ऑलिव्हिन, काच आणि पायरोक्सिन कुजून त्यांची चिकणमाती झाली आणि लोह गंजून लाल ऑक्साइड झाले. चिकणमाती पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून वरच्या भेगाळ थरातले पाणी तिच्यावरून सरकत कड्याबाहेर येते. हीच तांबडी रेघ कालगणनेलाही उपयोगी पडली. २०१५ आणि २०१९मध्ये ब्लेअर शोएन यांच्या गटाने या लाल थरांतल्या ज्वालामुखी राखेचे झिर्कॉन वापरून दख्खनच्या लाव्हाचे वय ठरवले. डायनोसॉर नष्ट होण्याच्या वादात पुरावा म्हणून जी रेघ वापरली जाते, तीच रेघ मुरबाडच्या बाईला पाण्याची जागा दाखवते. तिला ते कुणी सांगितलेले नाही, पण कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो हे ती अचूक सांगते. ही मोजणी आपण कधी लिहून घेतली नाही.

जुन्या लोकांना दगडाची पारख होती, हे नाणेघाटात चढून गेल्यावर पटते. सातवाहनांच्या काळापासूनच्या त्या वाटेवर, तसेच माहुलीवर आणि गोरखगडावर, पाण्याची टाकी भेगा नसलेल्या कातळातच खोदली आहेत. मांजऱ्यात खोदली असती तर गळाली असती. पाटा-वरवंट्याला आणि जात्याला कोणता काळा दगड चालतो हे पाथरवट हात लावून सांगत असे. हे सगळे खनिजांचेच ज्ञान आहे, त्याला नावे वेगळी होती. म्हणून 'हे गावकऱ्यांना झेपणारे नाही' हा आक्षेप मी मानत नाही. काळा पाषाण, मांजऱ्या, मुरूम, गेरू, ही चार नावे गावात आधीच आहेत. त्यांच्यापुढे २ टक्के आणि ०.३ टक्के एवढेच मांडायचे आहे.

उलट बाजूचाही एक आक्षेप ऐकू येतो. गावात प्यायला पाणी नाही आणि देश समुद्रतळाच्या दगडांवर खर्च करतो. केंद्राने २०२१मध्ये मंजूर केलेल्या खोल समुद्र अभियानाचा अंदाजित खर्च ४,०७७ कोटी रुपये होता, आणि कार्ल्सबर्ग कटकावर सल्फाइड खनिजांचा शोध घेण्यासाठी भारताने २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय करार केला. मला हा खर्च उधळपट्टी वाटत नाही. कटकाच्या दगडांशिवाय सह्याद्रीचा दगड वाचण्याची पद्धतच हाती आली नसती. पण ज्या देशाला साडेतीन किलोमीटर पाण्याखालचा दगड वर आणून त्यातले खनिज मोजता येते, त्याला शहापूरच्या पाड्याखालचा तीस फुटांवरचा दगड मोजता येत नाही असे म्हणायला तोंड उरत नाही.

चराच्या कामांत हे अज्ञान सर्वांत उघडे दिसते. डोंगरउतारावर सलग समतल चर खणले की पाणी मुरते, असे गृहीत धरून सगळीकडे एकाच मापाचे चर खणले जातात. खाली घट्ट कातळ असेल तर चरात पाणी नुसते उभे राहते आणि उन्हाने उडते. खाली भेगाळ मांजऱ्या असेल तर तोच चर पुढे झऱ्याला महिनाभर जास्त जगवू शकतो. नाला खोल करतानाही तसेच. नाल्याचा तळ मुरुमात असताना तो कातळापर्यंत खरवडला, तर दोन्ही काठांच्या मुरुमातले पाणी नाल्यात उतरून वाहून जाते. काम झाल्याचा फोटो निघतो, विहीर आधीपेक्षा लवकर आटते.

बोअर मारताना जमिनीतून दगडाची भुकटी वर येते. आधी तांबूस मुरूम, मग पांढरे ठिपके असलेला राखाडी चुरा, मग काळी पूड, मधेच गेरूचा लाल चिखल. वीस-पंचवीस मिनिटांत त्या जागेचा सगळा इतिहास ढिगाने बाहेर पडतो आणि दुसऱ्या दिवशी पायांखाली तुडवला जातो. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्यात बोअर मारणाऱ्या यंत्रधारकांच्या नोंदणीची तरतूद आहे. त्या नोंदणीला एक अट जोडावी: दर दहा फुटांची भुकटी छोट्या पिशवीत भरून, खोली लिहून, ग्रामपंचायतीत जमा करायची, बोअर कोरडी गेली तरी. शहापूर आणि मुरबाडच्या महाविद्यालयांतल्या विज्ञानाच्या मुलांना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाने भिंगातून झिओलाइट आणि प्लॅजिओक्लेज ओळखायला शिकवले, तर या पिशव्यांवरून गावाच्या खालच्या दगडाचा नकाशा तयार होईल. झऱ्यांच्या जागा आणि ते आटण्याचे महिने त्यावर पाड्यांतल्या बायकांनी सांगून भरायचे. नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा, आणि मुरुमाच्या प्रत्येक परवानगीच्या अर्जाला, प्रत्येक चराच्या आणि नाल्याच्या कामाच्या अंदाजपत्रकाला त्याची प्रत जोडणे सक्तीचे करायचे. तहसीलदारांनी अर्ज मंजूर करण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न किती ब्रास हा नसावा, खाली कोणता दगड आहे हा असावा.